नात्यातलं लग्न एवढंच कारण नाही

कुणीतरी म्हटलंय की जन्मजात व्यंग हजारात एखाद्या बाळात असतं आणि तेही नात्यात लग्नं होतात त्या घरांत. दोन्ही पटत नाही.

ढोबळमानाने 100 बाळांमागे 2 ते 3 बाळांत मोठं व्यंग असतं. अमेरिकेत 33 मागे 1 असा आकडा देतात. हृदयाचे दोषच हजारी 8-9 भरतात, आणि त्यांतले बरेच जन्मताना दिसत नाहीत. बाळ दूध ओढताना दमतं, घामाघूम होतं, वजन वाढत नाही, तेव्हा कुठे निदान होतं. म्हणून प्रसूतिगृहातली नोंद नेहमी कमीच वाटणार.

मामे-आते भावंडांच्या लग्नात धोका वाढतो, हे खरंच. साधारण दुप्पट धरा. तरी बहुसंख्य बाळं निरोगीच जन्मतात. उलट, व्यंग असलेल्या बहुतेक बाळांच्या घरात आधी कुणालाच काही नसतं. (ग्रहणात भाजी चिरल्याने ओठ दुभंगतो म्हणणाऱ्यांना काय सांगावं!)

टाळता येण्यासारखं एक मात्र आहे. मज्जारज्जूची नळी, म्हणजे गर्भातली जी नळी पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होते, ती नीट न मिटल्याने होणारं व्यंग. ही नळी गर्भधारणेनंतर 28 दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं कळेपर्यंत काम जवळपास उरकलेलं. म्हणून हे व्यंग टाळायला फॉलिक अ‍ॅसिड (एक ब जीवनसत्त्व) रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधीपासून हवं. आपल्याकडे दवाखान्यात नाव नोंदवायलाच बऱ्याचदा तिसरा महिना उजाडतो. आधीच्या बाळाला या नळीचा दोष असेल तर डोस बराच जास्त लागतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.