मदत हवी आहे : कारगिलहून आलेल्या माणसाला डॉक्टरकडे कसं न्यावं?

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. माझे मिस्टर सैन्यातले निवृत्त हवालदार, वय ४९. १९९९ ला कारगिल युद्धात द्रासमध्ये होते. तिथलं घरात कधीच बोलत नाहीत.

गेल्या दिवाळीत खाली सुतळी बॉम्ब फुटला आणि हातातला चहा टाकून त्यांनी आधी मुलीला भिंतीच्या आडोशाला दाबून धरलं. ती घाबरून रडायला लागली, तेव्हा भानावर आले. नंतर रात्रभर गॅलरीत बसून होते. आता शेजारच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट सुरू आहे. ब्रेकर सुरू झाला की हात थरथरतात. रात्री तीन-तीनदा उठून दाराची कडी बघतात. उजव्या कानात सतत शिट्टी वाजते, ती वेगळीच.

डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतात, "मी काय वेडा आहे?" एका दवाखान्यात नेलं होतं, तिथे दोन मिनिटांत झोपेची गोळी लिहून दिली. तेव्हापासून तर नावच नको. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मीच बोलले. बाई मराठीत छान बोलल्या, धीर आला. पण ह्यांना फोनवर कसं आणू?

ठाणे किंवा नवी मुंबईत फौजींना समजून घेणारे, मराठी बोलणारे मानसोपचारतज्ज्ञ कुणाला माहीत आहेत का? ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॅनेलवरचे असतील तर बरं. आणि माजी सैनिक एकत्र भेटतात असं काही जवळ आहे का? फौजी माणसाचं ते ऐकतील असं मला वाटतं.