मदत हवी आहे: क्लबचा जुना हिशोब एका नजरेत कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी, परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचा छोटा सेवा क्लब आहे, धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेला, ऑडिट दरवर्षी होतं पण रिपोर्ट फायलीत जातो अन् कुणी उघडून बघत नाही. यंदा खजिनदारकी माझ्याकडं आलीय. बँकेत पैसा दिसायलाय म्हणून सगळे खूश, पण त्यातला बराचसा उन्हाळ्यातल्या टँकरसाठी दिलेला आहे, तो हॉलच्या भाड्याला कसा वापरणार? वर्गणी देणारे कमी व्हायलेत, जुने मेंबर पोरांकडं पुण्याला गेले, अन् सोयाबीनचा भाव पडला की व्यापारी हात आखडतात (त्यांचंही खरंय म्हणा).

मला मागच्या पाच-सात वर्षांची वर्गणी, देणगी, उपक्रमाचा खर्च अन् ऑफिसखर्च वेगळा काढून मीटिंगमध्ये दाखवायचाय. कुणाकडं एक्सेलचा सोपा फॉरमॅट आहे का?

दुसरं, राखीव निधी किती महिन्यांच्या खर्चाएवढा ठेवता? इन्कम टॅक्सच्या सवलतीसाठी उत्पन्नाचे ८५ टक्के उद्देशावर खर्च करावे लागतात, उरलेले १५ टक्केच सहज बाजूला टाकता येतात. त्याहून जास्त ठेवायचं तर ठराव करून इन्कम टॅक्सचा ठरलेला फॉर्म भरावा लागतो म्हणे सीए. छोट्या संस्थेत कुणी केलंय का हे?