तीन पिढ्यांची सहल: महाकाय क्रूझवर जावं की नाही?

सिंहगडरोडकर
मे महिन्याच्या सहलीवरून आमच्या घरात दोन तट पडलेत. बहीण म्हणते, सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या क्रूझवर सगळे जाऊ. मेहुण्यांचं म्हणणं, त्यापेक्षा आठवडाभर कोकणात राहू. मी ठामपणे क्रूझच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण आई. तिचे गुडघे साथ देत नाहीत. बसच्या सहलीत रोज पहाटे बॅगा भरा, रोज नवं हॉटेल, आणि प्रत्येक ठिकाणी तिचं एकच वाक्य, "तुम्ही जाऊन या, मी बसमध्येच बसते." जहाजावर बॅग एकदाच उघडायची. लिफ्ट आहे, डॉक्टर आहे. सिंगापूरहून सुटणारी जेन्टिंग ड्रीम 335 मीटर लांब आहे आणि तिच्यावर शाकाहारी, जैन जेवणही मिळतं. मुलं घसरगुंड्यांवर, आई डेकवर वारा खात, संध्याकाळी सगळे एका टेबलावर. आईला कुठेही मागे न ठेवणारी दुसरी सहल मला दिसत नाही. विरोधी मतं हवी आहेत, स्पष्ट लिहा.

सदाशिवपेठी
स्पष्टच लिहिते. मुलं एका मजल्यावर, तुम्ही दुसऱ्या, आई तिसऱ्यावर एकटी, आणि भेट रात्रीच्या जेवणाला. हे तर पुण्यातल्या घरीही होतं. शिवाय जहाज जितकं मोठं तितका समुद्र लांब जातो. आयकॉन ऑफ द सीज या महाकाय क्रूझवर 20 डेक, 7 पोहण्याचे तलाव, 6 घसरगुंड्या, आणि कित्येक केबिनच्या खिडक्या आतल्या बागेकडे उघडतात! एवढे पैसे भरून समुद्राकडे पाठ करून झोपायचं? कोकणात आई अंगणात बसेल आणि नातवंडं तिच्याभोवती खेळतील. माझं मत मेहुण्यांना.

निवृत्त_दर्यावर्दी
आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, म्हणून थोडं सविस्तर. जहाजाचं 'ग्रॉस टनेज' हे वजन नसतं, आतल्या जागेचं माप असतं. टायटॅनिकचं 46,328 होतं, आयकॉनचं 2,48,663 आहे. मोठं जहाज कमी हलतं, त्यात बुडाशी दोन्ही बाजूंना डोलणं कमी करणारे स्टॅबिलायझरचे पंख असतात. तरीही केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर घ्या. टोकाला आणि वर हेलकावे जास्त जाणवतात.

पण मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. 13 जानेवारी 2012 ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ खडकाला घासली आणि 32 जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा आणीबाणीचा सराव तेव्हा व्हायचाच होता. त्यानंतर नियम बदलला: सराव आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावा लागतो. लोक तो कंटाळत उरकतात. तुम्ही तसं करू नका. आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते, जिने चढायचे असतात. आईच्या गुडघ्यांचं बुकिंग करतानाच कळवा, आणि जमण्याच्या जागेपर्यंत तिला कोण नेणार हे कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. हे ठरलं असेल तर खुशाल जा.

पाषाणकर
माझा विरोध आकारालाच आहे. नवी मोठी जहाजं एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर, चालतात म्हणून त्यांना स्वच्छ म्हणतात. काजळी आणि गंधक कमी होतं हे खरं, पण इंजिनातून न जळलेला मिथेन निसटतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. व्हेनिसने ऑगस्ट 2021 पासून 25,000 टनेजच्या वरच्या क्रूझ शहरातल्या जुदेक्का कालव्यातून बंद केल्या. हजारो माणसं सकाळी उतरतात, फोटो काढतात, जेवायला परत जहाजावर. गावाच्या पदरी फक्त गर्दी. मुळा-मुठेच्या काठावर आपण नदीसाठी तळमळतो, मग दुसऱ्याच्या बंदराबद्दल एवढे बेफिकीर का?

वारजेकरीण
पाषाणकर, मिथेनचा मुद्दा मान्य. पण सदाशिवपेठींचं कोकणातलं अंगण मला पटत नाही. माझे सासरे व्हीलचेअरवर आहेत. समुद्राकाठच्या घरगुती मुक्कामात पायऱ्या, उंच उंबरे, अरुंद संडास. तिथे ते अंगणात 'बसत' नाहीत, तिथे ते अडकतात. मोठ्या जहाजावर व्हीलचेअरसाठी रुंद दाराच्या केबिन असतात, मात्र थोड्याच, म्हणून लवकर मागा. धागाकर्त्यांना एक सांगते: जाहिरातीतला आकडा अंतिम नसतो. माणशी रोजची टिप, इंटरनेट, काही रेस्टॉरंट बऱ्याचदा वेगळी. आणि जहाजावरच्या डॉक्टरचं बिल जबर येतं. आईचं जुनं दुखणं लपवून प्रवासविमा काढू नका.

सदाशिवपेठी
वारजेकरीणताई, उंबऱ्यांचं तुमचं बरोबर आहे, ते मी धरलंच नव्हतं. तरी मग एवढं मोठं कशाला? मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ही क्रूझ सुटते. 1990 ची, टनेजने साधारण टायटॅनिकएवढी. विमान नाही, व्हिसा नाही. दोन रात्रींची फेरी घ्या, बाल्कनीची केबिन घ्या. आईला पाणी मानवतं का ते तरी कळेल.

सिंहगडरोडकर
दर्यावर्दीकाकांचा सल्ला बहिणीला लगेच पाठवला. पाषाणकरांना माझ्याकडे उत्तर नाही. सिंगापूरला विमानाने जाणार म्हणजे तो बोजाही आमच्याच नावावर. पण मुंबईच्या जहाजावर माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याला पुरेसं काही असेल का, ही शंका आहे. तो कंटाळला की आई त्याच्यासाठी झुरते. माझं मत अजून मोठ्या जहाजालाच. रविवारी सगळे जमतोय. आईला मात्र अजून कुणी विचारलेलंच नाही, तेव्हा पहिलं मत तिचं.

पाषाणकर
तिने कोकण म्हटलं तर कोकणच करा. जहाज म्हटलं तर किमान दोन दिवस सिंगापूर शहरात राहा, तिथल्या माणसांकडे जेवा.