पी०४२० कोड आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलावा का?

प्रश्न : माझ्या बीएस-६ पेट्रोल गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला असून स्कॅनरवर पी०४२० हा कोड येतो. गॅरेजवाले दोन्ही ऑक्सिजन सेन्सर (इंजिनाच्या धुरातील ऑक्सिजन मोजणारे) बदलायला सांगतात. ते आवश्यक आहे का?

उत्तर १ : घाई करू नका. हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या भागाची, कार्यक्षमता घटल्याचे सुचवतो. तरीही आधी एक्झॉस्टच्या (धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) सांध्यांवर काजळीचे डाग आहेत का ते पाहावे, कारण तेथून शिरणारी हवा कन्व्हर्टरनंतर बसवलेल्या मागच्या सेन्सरला फसवते.

उत्तर २ : सेन्सर काढलाच, तर तो पेट्रोलने धुऊ नये आणि जवळपास साधे सिलिकॉन सीलंट लावू नये, त्याच्या वाफेने नवा सेन्सरही निकामी होतो, हे मी पदरचे पैसे घालवून शिकलो.

प्रश्नकर्ता : सांध्यावर बोटभर काळा डाग सापडला. आधी गॅस्केट (सांध्यातून गळती होऊ न देणारी चकती) बदलून घेतो.