किल्टच्या चुण्या: खुणा, टाचण्या आणि टाके

प्रश्न: स्कॉटिश किल्ट (मागे चुण्या असलेला, घागऱ्यासारखा पुरुषांचा पोशाख) हाताने शिवत आहे. मागच्या भागाचे माप सीटवर (नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर) २० इंच, कंबरेवर १६ इंच असून चुण्या २५ घालायच्या आहेत. टाचण्या लावल्या की टार्टनचे (किल्टच्या चौकटीदार कापडाचे) पट्टे तिरके होतात. चूक कुठे होत असावी?

उत्तर १: प्रत्येक चुणीचा दिसणारा भाग सीटवर ०.८ इंच आणि कंबरेवर ०.६४ इंच यायला हवा. या खुणा खडूने दोन्ही ओळींवर करून घ्या. चौकटींचा नमुना मागेही अखंड दिसावा असे वाटत असेल, तर प्रत्येक घडी पट्ट्याच्या नेमक्या कोणत्या धाग्यावर मोडते हे आधी ठरवावे लागते; केवळ इंचपट्टीवर विसंबून राहिल्यास एका धाग्याची चूक पंचविसाव्या चुणीपर्यंत वाढत जाते.

उत्तर २: टाचणी आडवी लावा आणि आडवे पट्टे जुळल्याशिवाय पुढची घडी घालू नका. शिलाई फक्त सीटपासून कंबरेपर्यंत. त्याखाली चुण्या मोकळ्या राहतात, तिथे कच्चा धावदोरा पुरे. घडीच्या कडेला जो रंग असेल त्याच रंगाचा दोरा घेऊन बारीक टाके घाला.

प्रश्नकर्ता: मी कंबरेवर खुणाच केल्या नव्हत्या! उसवून पुन्हा सुरुवात करते. मनापासून आभार.