डायलिसिसवरच्या आईच्या हृदयाच्या व्हॉल्व्हवर (झडपेवर) कॅल्शियम, त्यात व्हिटॅमिन डी कमी. काय करावं?

सिडकोवाली: आई ६४ वर्षांची. नाशिकला मुंबई नाक्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिस, चौथं वर्ष चालू आहे. परवाच्या टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) एओर्टिक व्हॉल्व्ह कॅल्सिफाइड, माइल्ड स्टेनोसिस (थोडा अरुंद) आलंय. व्हिटॅमिन डी १२. शेजारच्या काकू म्हणतात कॅल्शियम आणि डी दोन्ही बंद करा. मेडिकलवाला म्हणतो व्हिटॅमिन के-टू द्या, व्हॉल्व्हमधलं कॅल्शियम हाडांत जातं. कुणाचं ऐकू?

गोदाकाठ: ताई, दोघांचंही नको. आधी फॉस्फरस, कॅल्शियम, पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) काय आहे ते बघा. निकामी किडनी फॉस्फरस बाहेर टाकत नाही, तो रक्तात वाढला की व्हॉल्व्हच्या पेशी हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात. डी कमी असणं बरं नाहीच, पण मनाने जास्त डोस दिला तर कॅल्शियम-फॉस्फरस दोन्ही चढतात. फॉस्फरस कमी करायची गोळी कधी घेतात? आमचे बाबा जेवण, बडीशेप, सातच्या बातम्या आणि मग गोळी. ती अन्नातलाच फॉस्फरस धरते, तेव्हा घासाबरोबरच हवी. शेवटी आईने ताटात मिठाच्या जागी गोळी वाढायला सुरुवात केली. तसंही मीठ बंदच होतं!

मेथीची जुडी: डायलिसिस पेशंटमध्ये व्हिटॅमिन के कमी असतं हे मात्र खरं. पोटॅशियममुळे पालक-मेथी बंद, मग के येणार कुठून? शिवाय रक्तवाहिन्या आणि व्हॉल्व्हवर कॅल्शियम बसू न देणारं एमजीपी नावाचं प्रोटीन के असल्याशिवाय कामाला लागत नाही. पण के-टू दिलेल्या डायलिसिस पेशंटमध्ये रक्तातला एमजीपीचा आकडा सुधारला तरी कॅल्शियम साचणं थांबल्याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. आई वॉरफेरिनवर (रक्त पातळ करायच्या गोळीवर) असेल तर के डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. आणि दुकानातलं साधं मल्टीव्हिटॅमिनही नको, त्यातलं व्हिटॅमिन ए अंगात साठतं. बी आणि सी डायलिसिसमध्ये धुऊन जातात, त्यासाठी किडनी पेशंटची वेगळी गोळी असते.

सिडकोवाली: वॉरफेरिन नाही. फॉस्फरसची गोळी कॅल्शियम अ‍ॅसिटेटची, आणि आई ती जेवणानंतर तासाभराने घेते 🙈 फॉस्फरसचा शेवटचा रिपोर्ट जानेवारीचा.

गोदाकाठ: मग सगळं नव्याने तपासा. कॅल्शियम नसलेली, सेव्हेलॅमरसारखी गोळी चालेल का, हे नेफ्रोलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारा. पुढचा इको डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी करा, अंगात पाणी साचलेलं असलं की रिपोर्ट फसवतो. त्यांना जिना चढताना धाप किंवा चक्कर येते का?

सिडकोवाली: धाप लागते. आम्ही अशक्तपणा समजत होतो. उद्याच फोन करते.