एल्बरफेल्डचा कारागीर संघ: संस्थापक कोल्पिंग की ब्रॉयर?

प्रश्न:
जर्मनीतील एल्बरफेल्ड या कापडउद्योगाच्या गावात १८४६ साली स्थापन झालेल्या कॅथलिक कारागीर संघाविषयी वाचत आहे. बहुतेक ठिकाणी आडोल्फ कोल्पिंग या धर्मगुरूंना संस्थापक म्हटले आहे, तर काही ठिकाणी योहान ग्रेगोर ब्रॉयर या शिक्षकांना. यांपैकी खरे काय? आणि या कार्याला धर्मादाय म्हणावे का?

प्रतिसाद १:
संघ ब्रॉयर यांनीच उभा केला. काही तरुण सुतार भक्तिगीतांच्या सरावासाठी जमत असत. त्यांच्या या मेळ्याला ब्रॉयर यांनी संघाचे रूप दिले. कोल्पिंग १८४५ साली दीक्षा घेऊन तेथे साहाय्यक धर्मगुरू म्हणून आले आणि १८४७ साली संघाचे अध्यक्ष झाले. गाव प्रामुख्याने प्रोटेस्टंट असल्यामुळे कामासाठी बाहेरून आलेल्या कॅथलिक तरुणांना तेथे आपले असे कोणी नव्हते, आणि माझ्या मते संघ रुजण्याचे मोठे कारण हेच होते. कोल्पिंग यांचे श्रेय वेगळे आहे: १८४९ साली कोलोनला बदली झाल्यावर त्यांनी तेथे अवघ्या सात जणांना घेऊन नवा संघ काढला, आणि १८६५ साली त्यांचे निधन झाले तेव्हा अशा संघांची संख्या ४०० च्या वर गेली होती.

प्रतिसाद २:
‘धर्मादाय’ हा शब्द मला येथे अपुरा वाटतो. उमेदवारी संपलेला, पण स्वतःचे दुकान नसलेला कारागीर पूर्वी मालकाच्याच घरी राहत व जेवत असे; जुन्या व्यवसायसंघांची (गिल्डची) व्यवस्था मोडल्यावर त्याचे ते घर सुटले आणि गावोगाव फिरताना धर्मशाळा किंवा गुत्ता एवढाच आसरा उरला. संघाने त्याला भिक्षा दिली नाही. निवारा, सोबत आणि शिकण्याची सोय दिली. कोल्पिंग स्वतः चर्मकारीचे काम करत होते आणि तेविसाव्या वर्षी पुन्हा शाळेत बसले होते, हे ध्यानात घेतले की शिक्षणावरचा हा भर सहज उलगडतो. गिरणीतील मजूर मात्र या कार्यात फारसे दिसत नाहीत, ही मर्यादा मान्य करावी लागेल.

प्रतिसाद ३:
थोडे अवांतर: कोलोनचा संघ ६ मे १८४९ रोजी स्थापन झाला, आणि एल्बरफेल्डशेजारच्या बार्मेनमध्ये जन्मलेले साम्यवादी विचारवंत फ्रीडरिश एंगेल्स त्याच महिन्यात एल्बरफेल्डच्या उठावात सामील झाले होते. ही दोन्ही गावे १९२९ साली एकत्र करण्यात आली आणि पुढल्या वर्षी त्या शहराला वुपर्टाल हे नाव मिळाले. त्यामुळे नंतरच्या काळातील माहिती त्या नावाने शोधावी.